एका गाण्यावरून दुरावलेला मित्र

पत्र:

मी आणि माझा एक मित्र शाळेपासून क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचे वेडे. त्यांच्या 'कॉम्प्युटर वर्ल्ड' अल्बमची एकच कॅसेट दोघांत होती, एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. १९८६ मध्ये 'इलेक्ट्रिक कॅफे' हा अल्बम आला आणि मग सगळं थांबलं. १९९१ चा 'द मिक्स' म्हणजे जुनीच गाणी नव्याने केलेली. तेरा वर्षं वाट पाहिली. १९९९ च्या शेवटी 'एक्स्पो २०००' हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, आलं. आम्ही दोघांनी एकत्र बसून ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी गळून पडलं. एका प्रदर्शनाची जाहिरात, तीही पैसे घेऊन केलेली! १९८३ चं 'टूर द फ्रान्स' किती निर्मळ गाणं होतं, त्यात कुणाची जाहिरात नव्हती. मित्र मात्र म्हणाला, "मला आवडलं." मी त्याला म्हणालो, "तुला संगीत कळतच नाही. मी ऐकतो म्हणून तू ऐकतोस." तो काही बोलला नाही. सीडी उचलली आणि गेला. भांडण असं झालं नाही, पण भेटी कमी होत गेल्या आणि मग थांबल्याच. २०२० मध्ये बँडच्या दोन संस्थापकांपैकी एक, फ्लोरियान श्नायडर गेल्याचं वाचलं, तेव्हा त्याचा नंबर काढून बराच वेळ बसलो होतो. फोन केला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. मैफलीतलं 'प्लॅनेट ऑफ व्हिजन्स' पाठवलंय आणि खाली दोनच शब्द: "हे ऐक." ते 'एक्स्पो २०००'चंच दुसरं रूप आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून अजून ऐकलेलं नाही. इतक्या वर्षांनी त्याला स्वतःचंच खरं करायचंय का? आवडलं म्हणून खोटं सांगू? की माझं मत कळवून मोकळा होऊ? मत तर तसूभरही बदललेलं नाही.

एक जुना चाहता

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

खोटं सांगू नका. तुमच्या तीन प्रश्नांपैकी एवढ्या एकाचं उत्तर चटकन देता येतं, ते आधी देऊन टाकते. तुम्ही दोघं एकाच कॅसेटवर वाढलात. "छान आहे रे" असं तोंडदेखलं लिहिलंत तर त्याला ते तिथल्या तिथे कळेल, आणि मग त्याच्या हाती पूर्वीपेक्षाही कमी उरेल.

मत बदलायचीही गरज नाही. 'एक्स्पो २०००' मलाही फिकं वाटतं. मी ते बऱ्याच वेळा, बऱ्याच वर्षांच्या अंतराने ऐकलं, दर वेळी या खेपेला तरी सापडेल या आशेने. गुळगुळीत, स्वच्छ, नीट बांधलेलं गाणं आहे आणि संपल्यावर मागे काही राहत नाही. तेव्हा निराशेपुरतं मी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही दिलेलं कारण मात्र मला पटत नाही. ते कारण तुम्ही पाव शतक उराशी धरून बसला आहात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. मित्राकडे त्यानंतर येते.

जाहिरात होती, हे खरं आहे. २००० साली १ जून ते ३१ ऑक्टोबर जर्मनीत हॅनोव्हरला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी क्राफ्टवर्ककडून काही सेकंदांची एक धून करून घेतली होती. व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून, निघालेला यंत्राचा आवाज निरनिराळ्या भाषांत 'एक्स्पो २०००' म्हणतो, बस्स. त्यासाठी ४ लाख मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) मोजल्याची बातमी आली तेव्हा खुद्द जर्मनीत ओरड झाली. त्याच धुनेवरून पुढे हे सिंगल उभं राहिलं. रागावलेले तुम्ही एकटे नव्हता.

पण पैशाने गाणं नासलं असं म्हणताना मी अडखळते, आणि मला अडवतं ते तुमचंच उदाहरण. 'टूर द फ्रान्स' तुम्हाला निर्मळ वाटतं, मलाही वाटतं. पण ज्या सायकल शर्यतीवर ते आहे, ती १९०३ मध्ये सुरू झाली ती एका क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून. शर्यतच मुळात जाहिरात! त्यांचंच 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' हे गाणं घ्या. युरोपातल्या पहिल्या वर्गाच्या आलिशान गाड्यांच्या जाळ्याचं ते नाव होतं, आणि गाणं त्या नावाचा जप करतं. तेव्हा आपल्यापैकी कुणी त्याला रेल्वेची जाहिरात म्हटलं नाही. फरक आहे, तो मी नाकारत नाही. सायकल आणि आगगाडी त्यांनी आपणहून निवडली होती, हॅनोव्हरची मागणी बाहेरून आली. पण मागणीवरून केलेली किती तरी उत्तम कामं जगात आहेत. तेवढ्यावरून गाणं पडत नाही.

मग ते पडलं कशाने? मला वाटतं ते असं. क्राफ्टवर्कचं गाणं एखाद्या वस्तूला कान लावून सुरू होतं. 'आउटोबान'च्या सुरुवातीला गाडीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं, हॉर्न वाजतो आणि मग बावीस मिनिटांहून जास्त वेळ रस्ता चाकाखालून सरकत राहतो. 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी' अल्बम उघडतो गायगर काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीने. 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'चा ठेका म्हणजे रुळांचा खडखडाट. 'पॉकेट कॅल्क्युलेटर'च्या वेळी तर ते हातात मावणारी यंत्रं घेऊन मंचाच्या कडेला येत आणि पुढच्या लोकांना बटणं दाबू देत. आणि 'टूर द फ्रान्स'मध्ये काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. चढावर धापा टाकणारा माणूस आहे, सायकलच्या यंत्राचा आवाज आहे. आपण ज्याला त्यांचं 'यांत्रिक' संगीत म्हणतो ते इतकं हाताशी लागणारं असतं. जिचा आवाज येतो अशी एक वस्तू घ्यायची, तिच्या आवाजातली लय शोधायची आणि ती लय पुरती उलगडेपर्यंत सोडायची नाही, हे ड्युसेलडॉर्फच्या क्लिंग क्लांग स्टुडिओत वर्षानुवर्षं चाललेलं काम होतं.

आता सांगा, प्रदर्शनाचा आवाज कसा असतो? तिथे हजार गोष्टी मांडलेल्या असतात, त्यामुळे कान लावायला एकही सापडत नाही. मग हाताशी राहतात ती घोषवाक्यं. 'माणूस, निसर्ग, तंत्रज्ञान' हे हॅनोव्हरच्या प्रदर्शनाचं बोधवाक्य, आणि गाण्यातही तेच येतं. जोडीला एकविसावं शतक. ज्या माणसांनी एका रस्त्यावर बावीस मिनिटं काढली, त्यांनी इथे अख्खं शतक चार शब्दांत उरकलं. तुमच्या आत गळून पडलं ते हे असावं. तुमच्या कानाने वस्तू शोधली आणि तिथे पोकळी निघाली. पैशाचं कारण तुम्ही नंतर जोडलंत, कारण ते सांगायला सोपं होतं आणि मित्रावर फेकायलाही.

(त्या प्रदर्शनाचंही असंच झालं. ४ कोटी लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे १ कोटी ८० लाख. नावातच साल असलेलं गाणं ३१ ऑक्टोबरनंतर कुठे जाणार, याचा विचार कुणी केला होता का, असा प्रश्न मला अजूनही पडतो.)

२००३ मध्ये क्राफ्टवर्कने सायकलवर सबंध अल्बम केला, तो ऐकून माझं मत पक्कं झालं. शर्यतीला शंभर वर्षं झाली म्हणून तो काढला आणि बाजारात आला शर्यत संपल्यावर. पण त्यात पुन्हा शरीर आहे, हृदयाचे ठोके आहेत, श्वास आहे. माणसं तीच होती, वय वाढलं होतं, निमित्त पुन्हा एका मोठ्या सोहळ्याचंच होतं आणि तरी संगीत उभं राहिलं. तुम्ही १९९९ ला दार लावून घेतलंत म्हणून तो ऐकला नसेल, तर माझ्या सांगण्यावरून ऐका.

वाट पाहण्याचंही ओझं होतंच. तेरा वर्षांत बँडमध्ये काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. वोल्फगांग फ्ल्यूर १९८७ मध्ये बँड सोडून गेले, १९९० मध्ये कार्ल बार्टोसही बाहेर पडले, आणि 'द मॅन-मशीन'पासूनच्या चालींमध्ये बार्टोस यांचा वाटा केवढा होता हे त्या अल्बमांवरच्या श्रेयनामावल्या सांगतात. १९९७ मध्ये इंग्लंडात लूटन हूच्या महोत्सवात क्राफ्टवर्क पुन्हा मंचावर आले तेव्हा आपण सगळे किती आशेने कान टवकारून बसलो होतो! शिवाय त्या तेरा वर्षांत जग त्यांच्याच भाषेत बोलायला लागलं होतं. ते बोलले तेव्हा ती भाषा इतरांच्या तोंडी जुनी झाली होती. तेरा वर्षांच्या भुकेपुढे कुठलंही चार मिनिटांचं गाणं लहानच वाटलं असतं. 'एक्स्पो'ला याची सूट द्या असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी तुम्ही गाण्याबरोबर ती तेरा वर्षंही ऐकत होता. तुमचा मित्र कदाचित फक्त गाणं ऐकत होता.

आता त्याने पाठवलेल्या ध्वनिमुद्रणाकडे येते. 'ते एक्स्पोचंच दुसरं रूप' असं म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलंत, पण ते रूप कुणाच्या हातून घडलं हे तुमच्या पत्रात नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांत इलेक्ट्रिफायिंग मोजो या नावाने एक निवेदक रेडिओवर रात्री क्राफ्टवर्क लावायचा. ते ऐकत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलांनी पुढे टेक्नो हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार उभा केला. त्यांच्यातलाच एक गट अंडरग्राउंड रेझिस्टन्स. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून फटकून राहणारी, चेहरे झाकून वाजवणारी, स्वतःच्या रेकॉर्ड स्वतः काढणारी ही मंडळी. बाजाराचा तिटकारा त्यांना तुमच्याइतकाच, बहुधा तुमच्याहून जास्त. २००० साली 'एक्स्पो'चे रीमिक्स, म्हणजे इतरांनी नव्याने बांधलेली रूपं, निघाले त्यांत यांचेही होते. त्यांनी त्या गुळगुळीत गाण्याची लय करकरीत केली, तळाशी धावता ठेका घातला, आणि जिथे पोकळी होती तिथे एकदम रस्ता, रात्र, शहर उभं राहिलं. त्या गाण्याला वस्तू नव्हती म्हणाले ना, ती त्यांनी आणून दिली. ती वस्तू म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव.

क्राफ्टवर्कने ते ऐकलं आणि घेतलं. पुढे मैफलींमध्ये त्यांनी स्वतःचं मूळ रूप बाजूला ठेवून डेट्रॉइटच्या हातून आलेलं रूप वाजवायला सुरुवात केली, 'प्लॅनेट ऑफ व्हिजन्स' या नावाने, आणि शब्दांमध्ये जर्मनीच्या शेजारी डेट्रॉइटचं नाव आलं. २००५ च्या 'मिनिमम-मॅक्सिमम' या मैफलींच्या अल्बमवर ते आहे. शिष्याने घेतलेली जागा गुरूने भर मैफलीत उचलावी, तसं हे आहे. बँडचे दोघे संस्थापक, राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांचं नाव केवढं मोठं होतं. तरी त्यांनी आपलं गाणं दुसऱ्याच्या हातून सुधारलेलं मान्य केलं आणि सगळ्यांसमोर वाजवलं. मला यात फार मोठेपणा दिसतो.

म्हणून "त्याला स्वतःचंच खरं करायचंय का" हा तुमचा प्रश्न मला खटकला. त्याला जिंकायचं असतं तर त्याने जुनं सिंगल पाठवलं असतं. त्याने पाठवलं ते दुरुस्त झालेलं गाणं. कदाचित त्याच्याही लक्षात आलं असेल की पहिल्यात काहीतरी कमी होतं. कदाचित तुम्हाला हवं होतं ते अखेर कुठे सापडलं हे त्याला दाखवायचं असेल. त्याच्या मनातलं मला कळणार नाही. पण दोन शब्द लिहून थांबणारा माणूस वाद घालायला आलेला नसतो.

आता तुम्ही बोललात त्याबद्दल. गाणं वाईट आहे असं म्हणालात, त्यात काही चुकलं नाही. चाहत्याला तो हक्क आहे, तेरा वर्षं वाट पाहिलेल्याला तर नक्कीच. पण "मी ऐकतो म्हणून तू ऐकतोस" हे वाक्य गाण्याबद्दल नव्हतंच. त्या वाक्याने तुम्ही त्याचे कान काढून घेतलेत. कॅसेट दोघांची होती, आठवडे वाटून घेतलेले होते, आणि एका क्षणात तुम्ही सांगितलंत की सगळे आठवडे तुमचेच होते, तो नुसता सांभाळत होता. हे जिव्हारी लागतं. भांडण झालं नाही म्हणता, पण न भांडता सीडी उचलून निघून जाणारा माणूस किती दुखावला असेल याचा अंदाज तुम्हाला तेव्हाच आला असणार. नाहीतर इतक्या वर्षांनी ते वाक्य तुम्ही मला शब्दन् शब्द लिहून पाठवलं नसतं.

त्याने सीडी नेली, ही गोष्ट वाचून मी थोडी थांबले. ती नंतर त्याने एकट्याने ऐकली असेल. पूर्वी आठवड्याच्या शेवटी कॅसेट परत द्यायची असायची, या वेळी कुणाकडे द्यायची नव्हती.

श्नायडर गेले त्या दिवशी फोन केला नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते पत्रात दिसतं. त्या दिवशी काय बोलायचं हे तुम्हाला सुचलं नसेल. आज त्याने तुमचं काम सोपं केलंय, विषय काढून दिलाय. महिना झाला तरी उशीर झालेला नाही, पण अजून एक महिना जाऊ देऊ नका.

पहिल्यांदा ते ध्वनिमुद्रण ऐका. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. ज्यावर तुम्ही एरवी संगीत ऐकता त्यावर, खालचा ठेका नीट कळेल असं ऐका. आवडलं तर आवडलं. नाही आवडलं तरी चालेल, मी वर एवढं कौतुक केलं म्हणून तुमच्यावर काही बंधन नाही. मग त्याला लिहा. फोन नको. इतक्या वर्षांनी अचानक आवाज ऐकून दोघांचाही गोंधळ होईल आणि तुम्ही पुन्हा गाण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला लागाल. लिहिताना क्षमा मागायची ती त्या वाक्याची मागा. गाण्याबद्दलच्या मताची मागू नका. "तेव्हा वय लहान होतं", "रागाच्या भरात बोललो" असली कारणं जोडू नका. तुम्ही एकोणतिशी-तिशीतले होता असं दिसतं आणि त्याला ते माहीत आहे.

तो उत्तर देईलच असं नाही. दोन शब्द पाठवून महिनाभर उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा मागे सरला असेल, तर त्याला वेळ लागेल. तेवढा तुम्ही द्या. मधल्या काळात आठवण करून देणारे मेसेज पाठवू नका.

आणि एक राहिलं, जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं. गाण्यात तुम्हाला काय खटकलं, त्या दिवशी आत काय झालं, किती वर्षं वाट पाहिली, पैसे घेऊन जाहिरात केली, हे सगळं तुम्ही लिहिलंत. तो म्हणाला "मला आवडलं." काय आवडलं? तुमच्या पत्रात त्याचा एक शब्दही नाही. मला वाटतं, तुम्ही त्याला विचारलंच नव्हतं. तेव्हा मेसेज साधारण असा लिहा, शब्द तुमचे घाला:

"ऐकलं. 'एक्स्पो'बद्दल माझं मत अजून तेच आहे. पण तुझ्याबद्दल मी त्या दिवशी जे बोललो ते खरं नव्हतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. माफ कर. तुला त्यात काय आवडलं होतं हे मी कधी विचारलं नाही. सांगशील?"

उत्तर आलं, तर त्यावर काही लिहायच्या आधी ते जुनं सिंगल एकदा लावा आणि तो सांगेल त्या जागेकडे कान द्या.